हृदयरोग, बीपी आणि पायांच्या नसा: गावातला योगवर्ग कसा घ्यायचा

नागपूरहून किंवा सेवाग्रामहून स्टेंट (हृदयाची रक्तनळी उघडी ठेवणारी बारीक जाळी) टाकून आलेला माणूस गावातल्या योगवर्गात येतो, तेव्हा त्याच्या हातात बहुतेकदा एक प्लास्टिकची थैली असते. डिस्चार्ज कार्ड, इकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) कागद, घड्या पडलेल्या ईसीजीच्या पट्ट्या आणि गोळ्यांची अर्धी संपलेली पाकिटं, सगळं त्यात कोंबलेलं. सतरंजी अंथरायच्या आधी ती थैली उघडा. काय शिकवायचं आणि काय अजिबात शिकवायचं नाही, हे तिच्यातच लिहिलेलं असतं.

हे टिपण वर्ग घेणाऱ्या शिक्षकांसाठी, आशाताईंसाठी, उपकेंद्रातल्या सीएचओंसाठी (सामुदायिक आरोग्य अधिकाऱ्यांसाठी) आणि घरच्या माणसाकडून रोज सराव करून घेणाऱ्यांसाठी आहे. डॉक्टरांनी 'हलका व्यायाम चालेल' असं सांगितल्यावरच इथून पुढचं लागू होतं.

अपेक्षा किती ठेवायची

हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ३,९५९ रुग्णांवर भारतातल्या २४ केंद्रांत एक मोठा अभ्यास झाला, तो २०२० साली प्रसिद्ध झाला. योगाच्या गटाला सुमारे तीन महिन्यांत १३ वेळा शिकवलं गेलं आणि बाकी सराव त्यांनी घरी केला. या लोकांना स्वतःची तब्येत थोडी जास्त बरी वाटली आणि ते आपल्या नेहमीच्या कामाला जास्त चांगले लागले. पुन्हा झटका येणं किंवा मृत्यू यांत मात्र ठाम म्हणावा असा फरक दिसला नाही. बीपीचंही तसंच. नियमित सरावाने वरचा आकडा साधारण ५ ने उतरतो. थोड्यांचा जास्त, थोड्यांचा काहीच नाही.

याचा सरळ अर्थ असा, की १७० चा बीपी अनुलोम-विलोमने १२० वर येणार नाही. त्याला गोळी लागते, लोणचं-पापड-ठेच्यातलं मीठ कमी करावं लागतं आणि खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) सोडावा लागतो. 'प्राणायामाने ब्लॉकेज विरघळतात' असं कुणी वर्गात सांगत असेल, तर त्याला तिथंच थांबवा. त्या एका वाक्यावर विसंबून लोक गोळ्या बंद करतात. स्टेंटनंतरची ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल मनाने बंद केली, तर स्टेंटमध्येच गाठ होऊन नळी बंद पडू शकते.

थैलीत काय पाहायचं

आधी तारखा पाहा: झटका कधी आला, स्टेंट कधी टाकला, बायपास कधी झाली. मग इकोच्या कागदावर ई.एफ. नावाचा आकडा शोधा. हृदयाच्या डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी किती टक्के रक्त एका ठोक्याला बाहेर पडतं, तो हा आकडा. ५५ ते ६५ असेल तर पंप ठीक चालतोय. ४० किंवा त्याखाली असेल तर त्या माणसाचा सगळा वर्ग खुर्चीवर, डॉक्टर पुढचं सांगेपर्यंत. त्याच कागदावर झडपांच्या ओळीत 'सिव्हिअर' असा शब्द दिसला, तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय सराव सुरूच करू नका.

गोळ्यांची पाकिटं नीट वाचा. मेटोप्रोलॉल, एटेनोलॉल, बिसोप्रोलॉल अशी 'लॉल' शेपटीची नावं असतील, तर ती गोळी नाडी चढूच देत नाही. माणूस दमून घामाघूम झाला तरी नाडी ८५ च दाखवील, म्हणून अशा रुग्णाचे श्रम नाडीवरून मोजायचे नाहीत. टेल्मिसार्टन, ॲम्लोडिपिन आणि लघवीची टॉरसेमाइड किंवा फ्युरोसेमाइड चालू असेल, तर झटकन उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येण्याची शक्यता धरूनच चाला. वॉरफरिन किंवा ॲसिनोकुमॅरॉल घेणाऱ्याला पडू देणं परवडत नाही, डोक्याला लागलं तर आत रक्तस्राव होऊ शकतो. त्याला एका पायावरचं वृक्षासन शिकवायचा मोह टाळा.

एक गोष्ट पहिल्याच दिवशी बजावून सांगा. 'रिकाम्या पोटी या' म्हटलं की लोक सकाळची गोळीही टाळतात. पाण्यासोबत बीपीची गोळी घेतल्याने पोट भरत नाही, ती वेळेवरच घ्यायची. शुगर आहे आणि ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन चालू आहे, त्याचा प्रश्न वेगळा. त्याने उपाशी येऊच नये. अर्धी पोळी खाऊन यावं आणि खिशात गुळाचा खडा ठेवावा.

बीपी मोजणं

वावरातून चालत आलेल्या माणसाचा, तोंडात खर्रा असताना, शर्टाच्या बाहीवरून, बोलता बोलता घेतलेला बीपी वहीत लिहूच नका. तंबाखू, चहा आणि चालणं यांनंतर अर्धा तास जाऊ द्या. लघवीला जाऊन यायला सांगा. खुर्चीत पाठ टेकलेली, दोन्ही पाय जमिनीवर, मांडीवर मांडी नाही, पाच मिनिटं गप्प. हात टेबलावर असा ठेवा की पट्टा छातीच्या मधोमध असलेल्या उंचीला येईल. हात लोंबकळत राहिला तर आकडा उगाच जास्त येतो. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. दोन्हींची सरासरी लिहा. पहिल्या दिवशी दोन्ही हातांचा घ्या आणि ज्याचा जास्त येईल तोच हात पुढे कायम वापरा.

पट्ट्याचा आकार गावात कुणी पाहत नाही. कष्टकरी माणसाचा दंड बारीक असतो, त्याला मोठा पट्टा गुंडाळला तर बीपी खरा आहे त्यापेक्षा कमी दिसतो. जाड दंडाला छोटा पट्टा लावला की उलटं होतं.

वरचा आकडा १८० किंवा खालचा ११० किंवा त्याहून जास्त आला, तर त्या दिवशी योग नाही. शांत बसवा, दहा मिनिटांनी पुन्हा मोजा. तसाच असेल तर त्याच दिवशी पीएचसी (प्राथमिक आरोग्य केंद्र). सोबत डोकं फुटेल असं दुखणं, छातीत दुखणं, धूसर दिसणं, तोंड वाकडं होणं किंवा हातापायातली ताकद जाणं यांपैकी काही असेल, तर १०८ लावा. वरचा आकडा १०० च्या खाली आणि चक्कर असेल, तरी उभ्याने काही करू नका. त्या दिवशी घरी पाठवताना बीपीचा आकडा चिठ्ठीवर लिहून द्या आणि डॉक्टरांना दाखवायला सांगा.

आणखी कुणाला परत पाठवायचं? गेल्या काही दिवसांत छातीत दुखणं नव्याने सुरू झालं किंवा वाढलं. बसल्या जागी दम लागतोय. पाच मिनिटं शांत बसूनही नाडी १२० च्या वर आहे. ताप आहे. एक पाय अचानक सुजून गरम झालाय आणि दुखतोय. या शेवटच्या माणसाच्या पायाला तेल चोळू नका, कुणाला चोळूही देऊ नका. आतल्या नसेत गाठ असेल तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते.

जागा आणि वेळ

समाजमंदिर, शाळेचा वऱ्हांडा, सामुदायिक प्रार्थना होते ती जागा, काहीही चालेल. फक्त फरशी ओली नसावी आणि गाडी दारापर्यंत येत असावी. प्रत्येक हृदयरुग्णामागे हातांची एक प्लास्टिकची खुर्ची हवी. ती भिंतीला टेकवून ठेवा, नाहीतर उभ्याने धरली की मागे सरकते. एका शिक्षकामागे असे आठ-दहाच रुग्ण घ्या. सगळ्यांचे चेहरे दिसले पाहिजेत.

हिवाळ्यात पहाटे पाचचा वर्ग हृदयरुग्णांसाठी बंद ठेवा. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, आणि झटक्यांचं प्रमाणही सकाळच्या तासांतच जास्त असतं. डिसेंबर-जानेवारीत ऊन अंगावर आल्यावर, साडेसात-आठला सुरू करा. एप्रिल-मे मध्ये चंद्रपूर, अकोला, वर्धा भागात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा सकाळी सातच्या आत संपवा. लघवीची गोळी चालू असलेल्यांना या दिवसांत पाणी कमी पडून चक्कर येते. अशा वेळी गोळी स्वतः कमी करायची नाही आणि मनाने तांब्याभर पाणीही ढोसायचं नाही. हृदय कमजोर असलेल्यांना दिवसाचं पाणी मोजून दिलेलं असतं. उन्हाळ्यापुरता डोस बदलायचा का, हे मार्च महिन्यातच डॉक्टरांना विचारून घ्या.

कापूस वेचणीच्या आणि धानाच्या रोवणीच्या दिवसांत वर्ग ओस पडतो. तेव्हा हजेरीसाठी ओरडण्यात अर्थ नाही. रात्री जेवणाआधी बारा मिनिटांचा घरचा सराव ठरवून द्या: दोन मिनिटं घोटे, दहा मिनिटं संथ श्वास.

चाळीस ते पन्नास मिनिटांचा वर्ग

पहिली पाच मिनिटं बसून. वहीत बीपी, नाडी, 'काल रात्री झोप लागली का, किती उशा घेतल्या, पायावर सूज आहे का' एवढं लिहा.

मग खुर्चीवर दहा मिनिटं सूक्ष्म व्यायाम. पायाची बोटं आवळणं-सोडणं १० वेळा. घोटे पुढे-मागे १५ वेळा, मग गोल ५-५ वेळा. एक गुडघा सरळ करून पाय खाली, प्रत्येकी ८ वेळा. मुठी, मनगटं, कोपर. बोटं खांद्यावर ठेवून कोपरांची छोटी वर्तुळं, ५ पुढून आणि ५ मागून. उचलताना किंवा जोर लावताना श्वास सोडायचा, परत आणताना घ्यायचा. हा एवढा एक नियम पाळला की निम्मं काम झालं. माणूस जोर लावताना श्वास कोंडतो, विहिरीतून बादली ओढताना कोंडतो तसाच. त्याने छातीतला दाब एकदम वाढतो, हृदयाकडे परत येणारं रक्त क्षणभर अडतं आणि श्वास सुटला की बीपी उसळी मारतो.

उभ्याने आठ मिनिटं, खुर्चीची पाठ धरून. टाचा उचलणं ८ ते १० वेळा. हात खांद्याच्या उंचीपर्यंत, डोक्याच्या वर नाही. पहिले चार आठवडे एवढंच. हात वर ताणून धरले की तेवढ्याच श्रमाला हृदयाला जास्त जोर लागतो. कमरेतून बाजूला हलकं वाकणं, प्रत्येक बाजूला तीन श्वास. कुठलीही स्थिती तीन श्वासांपेक्षा जास्त धरायची नाही. वीरभद्रासनात मांड्या थरथरेपर्यंत उभं राहणं तरुणांच्या वर्गात ठेवा.

याच वेळी श्रमांची परीक्षा घ्या. सराव चालू असताना मध्येच विचारा, 'काकाजी, यंदा कापूस किती झाला जी?' 'झाला सात क्विंटल, पण भाव कुठं हाय?' असं उत्तर एका दमात आलं तर श्रम बरोबर आहेत. 'झाला... सात...' असं तुटत आलं तर लगेच बसवा. नाडी दाबणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांसाठी याहून चांगलं यंत्र नाही.

ज्यांना जमिनीवर बसता-उठता येतं त्यांच्यासाठी पुढे सात-आठ मिनिटं. पाठीवर झोपून, डोक्याखाली घडी केलेली चादर. एक गुडघा पोटाकडे, दुसरा पाय वाकवून जमिनीवर, श्वास सोडत आणायचा, ५-५ वेळा. दोन्ही गुडघे एकत्र डावी-उजवीकडे. सहा आठवडे नीट गेले तर छोटा सेतुबंध, कंबर फक्त वीतभर उचलून एक श्वास.

उठणं हेच सगळ्यात धोक्याचं काम आहे, म्हणून ते वेगळं शिकवा. आधी उजव्या कुशीवर वळायचं, गुडघे पोटाशी. तिथे तीन श्वास थांबायचं. मग वरचा हात छातीसमोर जमिनीवर रोवून बसायचं, मान सगळ्यात शेवटी वर. बसून एक मिनिट. मग खुर्चीचा हात धरून एक गुडघा उभा, आणि उभं राहिल्यावर पाऊल टाकायच्या आधी पाच श्वास तिथंच. 'चला, संपलं!' असं शिक्षकाने मोठ्याने म्हटलं की सगळे एकदम उठतात आणि त्यातला एक जण भिंत शोधतो. म्हणून एकेकाला नावाने उठवा.

श्वास

इथे घाई करू नका, हृदयरुग्णाच्या वर्गाचा गाभा हाच आहे. मिनिटाला सहाच्या आसपास श्वास आला की रक्तवाहिन्यांतला दाब सांभाळणारी शरीराची यंत्रणा जास्त तत्पर होते, नाडी श्वासाच्या लयीत येते आणि ताणाचा जोर ओसरतो. पण पहिल्या दिवशीच सहावर नेलं तर माणूस गुदमरतो. आधी मोबाईलवर एक मिनिट लावून तो आहे तसा किती श्वास घेतो ते न सांगता मोजा. १६ किंवा १८ निघतील.

पहिला आठवडा: तीन आकडे आत, तीन आकडे बाहेर. दुसरा आठवडा: तीन आत, चार बाहेर. तिसरा: चार आत, पाच बाहेर. चौथ्यापासून चार आत, सहा बाहेर. एक आकडा म्हणजे घड्याळाचा एक सेकंद. मध्ये थांबा नाही, कुंभक (श्वास कोंडून धरणं) नाही. ज्याला चार-सहा जमत नाही तो तीन-चारवरच महिनाभर राहिला तरी बिघडत नाही. पाच मिनिटांपासून सुरू करून दहापर्यंत जा. शिक्षकाने आकडे हलक्या आवाजात, एकसारखे म्हणावेत. बोलण्याचा वेग वाढला की वर्गाचा श्वासही वाढतो.

नेहमीची चूक म्हणजे 'लांब' म्हटलं की लोक 'मोठा' श्वास ओढतात. नाकाचा आवाज येतो, खांदे कानापर्यंत जातात, आणि दोन-तीन मिनिटांत ओठ, बोटं मुंग्या आल्यासारखी होतात, डोकं हलकं होतं. हवा जास्त फेकली गेल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, म्हणून असं होतं. रुग्णाला वाटतं झटका आला. सराव थांबवून साधा श्वास घेऊ द्या, पाचेक मिनिटांत उतरतं. पुढच्या वेळी नाकासमोर कापसाचं बोंड धरलं तर तंतू हलू नये, इतका बारीक श्वास घ्यायला सांगा. मात्र मुंग्यांसोबत छाती दाबल्यासारखी, घाम किंवा मळमळ असेल, तर ती श्वासाची चूक समजू नका.

दोन नाकपुड्यांचा अनुलोम-विलोम याच मोजणीत, कुंभकाशिवाय चालतो. हात दुखला तर कोपराखाली उशी घ्या किंवा बोटं न लावता नुसतं मनातून करा. भ्रामरी (श्वास सोडताना भुंग्यासारखं गुणगुणणं) पाच ते सात वेळा. कान हलके झाकायचे, डोळ्यांची बुबुळं दाबायची नाहीत, कारण त्या दाबाने नाडी अचानक मंदावू शकते. शीतली (जिभेची नळी करून तोंडाने श्वास घेणं) उन्हाळ्यात बरी वाटते, पण आधी तोंड खळखळून धुवा. खर्ऱ्याचा बुकणा घशात गेला की ठसका लागतो.

पूर्ण वगळा: कपालभाती, भस्त्रिका, सूर्यभेदन, बंध, जलद सूर्यनमस्कार, शीर्षासन, सर्वांगासन, हलासन, मयूरासन, आणि डोकं हृदयाच्या खाली जाईल असं प्रत्येक वाकणं. २१ जूनच्या कार्यक्रमात सामान्य योग अभ्यासक्रमात कपालभाती येते आणि त्या दिवशी सगळ्या गावाला एका ओळीत बसवलं जातं. आपल्या रुग्णांना मागे खुर्च्यांवर बसवा. फोटोत पुढच्या रांगेत नाही आले तरी चालतील.

शेवटी आठ-दहा मिनिटं शवासन. आडवं झाल्यावर खोकला किंवा दम येतो त्याला सपाट झोपवू नका. भिंतीशी गोधड्यांची उतरती थप्पी लावून अर्धवट टेकवा. कुणी झोपी गेला तर हळू हाक मारून उठवा, टाळ्या वाजवून नाही.

ज्याचं त्याचं वेगळं

बायपास झालेल्याच्या छातीचं हाड तारेने शिवलेलं असतं. ते पक्कं जुळायला आठ ते बारा आठवडे जातात. तोवर हातावर भार देऊन उठणं नाही, दोन्ही कोपर मागे ओढणं नाही, भुजंगासन नाही, चार-पाच किलोपेक्षा जास्त काही उचलणं नाही, म्हणजे भरलेली घागरही नाही. खोकताना उशी छातीशी घट्ट धरायला शिकवा. वर दिलेली उठण्याची पद्धत या रुग्णाला लागू नाही, तो खुर्चीवरच करील. छातीच्या हाडात 'कट' आवाज येत असेल किंवा टाक्यातून पाणी येत असेल तर लगेच डॉक्टर.

मनगटातून स्टेंट टाकला असेल तर आठवडाभर त्या हातावर भार नको. मांडीतून टाकला असेल तर आठवडाभर उकिडवं बसणं नको. गावात शौचालय भारतीय पद्धतीचं असतं, तेवढ्यापुरती कमोडची खुर्ची आणा. पेसमेकर नवा असेल तर त्या बाजूचा हात चार ते सहा आठवडे खांद्याच्या वर जाऊ देऊ नका, नाहीतर आतली तार सरकू शकते. पण हात गळपट्ट्यात बांधूनही ठेवू नका, खांदा धरतो.

हृदय कमजोर असलेल्यांनी रोज सकाळी लघवीनंतर, चहाच्या आधी वजन करावं. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते अन्न नाही, साठलेलं पाणी आहे. वर्ग बंद, डॉक्टरांना फोन.

तरुण बाई, पंचविशी-तिशीची, जिना चढताना धापा टाकते आणि लहानपणी सांधे सुजल्याचं सांगते, तिची हृदयाची झडप वातज्वराने (रुमॅटिक फीवरने) खराब झालेली असू शकते. तिला 'अशक्तपणा आहे, योग कर' असं म्हणू नका, इको करून घ्या. निदान झालेल्या मुलींचं दर २१ दिवसांचं पेनिसिलिनचं इंजेक्शन चुकत नाही ना, हे वर्गाच्या वहीत लिहा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडे सिकलसेलचे रुग्ण वर्गात असतातच. त्यांना थंडीत उघड्यावर बसवू नका, पाणी कमी पडू देऊ नका, दमेपर्यंत काहीच नको.

पाय

गावात 'पायाच्या नसा' म्हणजे दोन अगदी उलट आजार. दिवसभर उभं राहून फुगलेल्या निळ्या, वेड्यावाकड्या शिरा असतील, संध्याकाळी पाय जड होऊन सुजत असतील, तर रक्त वर परतत नाहीये. याला पोटरीचा पंप चालवावा लागतो: घोटे २०-३० वेळा, दिवसातून चारदा, टाचा उचलणं आणि रात्री पाय भिंतीला किंवा बाजेवर टेकवून १० ते १५ मिनिटं झोपणं. हृदय कमजोर असेल तर हे पाय वर करणं नको, रक्त एकदम छातीकडे येऊन दम लागतो. शीर फुटून रक्त उडालं तर झोपवा, पाय वर, स्वच्छ फडक्याने दहा मिनिटं घट्ट दाब. उभ्याने नळाखाली पाय धुवत बसू नका.

दुसरा आजार रक्त खाली पोहोचतच नाही असा. बिडी-तंबाखूवाला माणूस, बहुतेकदा पुरुष, शे-दोनशे पावलं चालला की पोटरीत गोळा येतो, थांबला की जातो. पाय गार, कातडी चकचकीत, केस गेलेले. याचे पाय वर ठेवले तर वेदना वाढते. वज्रासन दोन्ही आजारांत नको, गुडघ्यामागच्या वाहिन्या दबतात. या माणसाचं खरं औषध चालणं. पोटरी बऱ्यापैकी दुखेपर्यंत चाला, थांबा, दुखणं गेलं की पुन्हा चाला. असं ३० ते ४५ मिनिटं, आठवड्यातून किमान तीनदा, बारा आठवडे. बिडी चालू ठेवून हे सगळं वाया. बोट काळं पडलं, जखम भरत नाही, किंवा रात्री झोपल्यावरही पाय ठणकतो, तर चालणं बंद आणि त्याच दिवशी मोठा दवाखाना. अशा पायाला गरम पाण्याचा शेक देऊ नका, चटका कळत नाही.

वर्गात कुणी कोसळलं तर

छाती दाबल्यासारखी, डावा हात किंवा जबडा भरून आला, थंड घाम फुटला. बायकांत आणि शुगरवाल्यांत कधी नुसता दम, मळमळ किंवा पाठीत दुखणं. 'गॅस झाला' म्हणून सोडा पाजण्यात जाणारा अर्धा तास हृदयाच्या स्नायूला महाग पडतो. भिंतीला टेकवून अर्धवट बसवा, १०८ लावा. त्याच्याच नावाने लिहून दिलेली सॉर्बिट्रेटची गोळी असेल तर बसूनच जिभेखाली, बीपी खाली असेल तर देऊ नका. फटफटीवर मधे बसवून नेणं किंवा एसटी स्टँडपर्यंत चालवणं टाळा. ईसीजी आणि गाठ विरघळवणारं इंजेक्शन जवळ कुठे मिळतं, हे वर्ग सुरू करायच्या पहिल्याच आठवड्यात विचारून भिंतीवर लिहून ठेवा.

माणूस हाकेला ओ देत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल, तर छाती दाबायला लागा. बाजेवर असेल तर आधी खाली जमिनीवर ओढा, बाज खचते आणि दाब छातीपर्यंत पोहोचत नाही. छातीच्या मधोमध, दोन्ही तळवे एकावर एक, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या. दोन मिनिटांत हात भरून येतात, म्हणून वर्गातल्या किमान तिघांना हे आधी शिकवून ठेवा. गाडी येईपर्यंत थांबायचं नाही.

डॉक्टरांकडे जाताना वही

तीन महिन्यांनी रुग्णाच्या हातात आठवड्यातून दोनदा घेतलेल्या बीपीची ओळ द्या: तारीख, वेळ, गोळी घेतली होती का, आकडा. सतत ११० च्या आसपास येत असेल आणि उठताना चक्कर येत असेल, तर गोळी कमी करण्याचा निर्णय डॉक्टर त्या ओळीवरून घेतील. योगशिक्षकाने फक्त आकडे लिहायचे, आणि चिठ्ठीच्या शेवटी 'सराव चालू आहे, कुंभक नाही, डोकं खाली जाईल असं काही नाही' एवढी एक ओळ.